नाकाचा नंबर

सोमवार, ११ नोव्हेंबर

दूध करपलं. मी शेजारीच उभी, चपात्या लाटत. उन्नती बालवाडीचा गणवेश घालून आली आणि म्हणाली, "मम्मी, कसला वास येतोय?" मी म्हटलं, कसला? तिने पातेल्याकडे बोट दाखवलं. तळ काळाकुट्ट. चार वर्षांच्या पोरीला कळलं, मला नाही.

आता लिहूनच टाकते. मला वास येत नाही. सर्दी नाही, ताप नाही, काही दुखत नाही. गणपतीपासून नाक चोंदल्यासारखं झालं आणि वास हळूहळू कमी होत गेला. आता काहीच नाही. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

लिहिल्यावर हसूच आलं. नाव सुगंधा आणि नाकाची ही तऱ्हा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळभर परीक्षा घेतली. कापूर — नाही. लसूण — नाही. डेटॉल — नाही. नवरा, दिपेश, आठ दिवस बोटीवर राहून आला, त्याचा टी-शर्ट थेट नाकाला लावला — नाही.

हा शेवटचा तर फायदाच म्हणायचा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

फायदा वगैरे काही नाही. आज आमच्या बचत गटाचा सुका जवळा परत आला.

आमच्या गटात अकरा बायका. वाळवतात सगळ्या, पण पाकिटात भरायच्या आधी मालाला नाक लावायचं काम आमच्या घरचं. माझं लग्न झाल्यापासून, सहा वर्षं, माझं. त्याआधी सगळा जन्म सासूचं, मंजुळाचं. "मंजुळाच्या घरातना पास झालाय" म्हटलं की बोईसरचा दुकानदार पाकीट फोडून बघत नाही. या वेळी गिऱ्हाइकाने फोडलं. आंबूस निघालं. पोतं मीच पास केलेलं.

गटातल्या, शेजारच्याच गोदूबाईने सगळ्यांसमोर विचारलं, "सुगंदा, तुला ह्यो वास नाय आला?"

म्हटलं, सर्दी झालीय. अकरा बायकांनी एकदम माझ्या नाकाकडे बघितलं. एक थेंब असेल तर शपथ.

रविवार, १७ नोव्हेंबर

सासूला, आयला, सांगितलं. आय तेव्हा बांबूच्या वलांडीवर टांगलेले बोंबील उलटवत होती. मला वाटलं, ओरडेल. घरातलं एवढं नाव, आणि सुनेने नाकच घालवलं. ती उलटवतच राहिली. मग एक बोंबील काढून माझ्या कानाशी नेला आणि मोडला. कट्.

"आयकलास? ह्यो वालला. आता ह्यो." दुसरा नुसता वाकला, आवाजच नाही. "ह्यो ओला हाय. नाक नाय तं कान हायत, बोटा हायत."

जवळा मुठीत दाबून सोडायचा. सुटा पडला तर पास, गोळा झाला तर परत उन्हात. मांदेलीची शेपटी नखाने तोडून बघायची. तासभर शिकवत होती. सहा वर्षांत एवढं कधी बोलली नव्हती माझ्याशी. मला तर मजाच वाटायला लागली — आम्ही दोघी वलांडीखाली कान लावून उभ्या, आणि रस्त्यावरून जाणारे बघतायत, या मच्छीशी काय बोलतात!

मी विचारलं, डॉक्टरला दाखवू का?

"डाक्टर काय करल?" म्हणाली आणि पुढच्या ओळीला गेली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज थोडक्यात वाचलो. सकाळी गॅसची नळी सुटली होती. मी लायटर हातात घेऊन शेगडीसमोर. उन्नती पाटावर बसून होडीचं चित्र काढत होती. गोदूबाई अंगणातूनच ओरडत आली, "सुगंदा, थांब! हात लावू नको!" तिने आत शिरून सिलिंडर बंद केला, दारं उघडली. मी पोरीला उचलून बाहेर खळ्यात आणलं आणि तशीच बसून राहिले.

कानाने आणि बोटांनी गॅस कळत नाही.

उद्या बोईसरला जाते. दिपेश बोटीवर आहे. एकटीच जाते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नाक-कान-घशाचे मोठे डॉक्टर. दारावर नावाखाली अक्षरांच्या दोन ओळी. टोकन सत्तावीस. बाकावर दोन तास, आत दीड मिनिट.

डॉक्टर फोनवर होते. फोन कानालाच, मला मानेने विचारलं — काय?

"वास येत नाही."

"दुखतं?"

"नाही."

"काम काय करता?"

"सुकी मच्छी. वाळवतो आणि विकतो."

तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. मग केसपेपरवरचं नाव वाचलं. "सुगंधा! आणि धंदा सुक्या मच्छीचा. अहो, मग तर देवाने कृपाच केली तुमच्यावर." फोनवरच्या माणसालाही सांगितलं बहुतेक, कारण पलीकडूनही हसण्याचा आवाज आला. चिठ्ठ्या देणारी ताई हसली.

मी गॅसचं सांगायला तोंड उघडलं, तोवर चिठ्ठी हातात. ॲलर्जी. महिनाभर गोळी. पुढचा.

नाकात बघितलंच नाही. बॅटरी टेबलावर माझ्यासमोर पडलेली होती.

आणि सगळ्यात राग कशाचा येतोय, तर मीपण हसले. त्यांच्याबरोबर. कशाला हसले मी?

रविवार, १ डिसेंबर

गोळीने झोप येते. काल उन्नतीच्या चपला फ्रिजवर सापडल्या. आज आमटीत दोनदा मीठ. वास — शून्य.

आय काही म्हणत नाही. गॅस मात्र आता तीच पेटवते, तेही आधी गोदूबाईला आत बोलावून. गोदूबाई रोज सकाळी येऊन आमच्या स्वयंपाकघरात नाक फिरवून जाते, पोलीस चौकशीला आल्यासारखी.

मंगळवार, १० डिसेंबर

परत गेले. या वेळी कागदावर सगळं लिहून नेलं, म्हणजे बोलता आलं नाही तर कागदच देता येईल. कधीपासून, कसं, गॅसचं काय झालं, सगळं.

डॉक्टरांनी कागद घेतला, त्यावर चहाचा कप ठेवला.

"कोविड झाला होता?"

"नाही."

"झाला असेल. तुम्हाला कळलं नसेल. त्याने जातो वास. लाखो लोकांचा गेलाय. उपाय नाही, सवय करून घ्या."

"डॉक्टर, एकदा नाकात बघाल का?"

"इथे डॉक्टर कोण आहे?"

मी उठले.

नवापूर नाक्यावर टमटममध्ये बसले तेव्हा रडू आवरत नव्हतं. मांडीवर पिशवी, दुकानदाराने परत केलेली चार पाकिटं आत. शेजारी कारखान्यातला एक कामगार बसला होता. तो आधी सरकला. मग रुमाल लावला. मग हात जोडून म्हणाला, "दीदी, इसमें क्या है? जान जाएगी मेरी."

"इतना आता है?" मी विचारलं.

"दीदी, आँख में भी आ रहा है."

मला असं हसू फुटलं! डोळ्यांत पाणी होतंच, ते तसंच वाहत राहिलं आणि मी हसतेय. बिचारा पुढच्या स्टॉपला उतरला. मला वाटतं त्याला उतरायचं नव्हतं.

पण माझं ठरलं. टमटममध्येच ठरलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

गोदूबाईला सांगितलं. ती खांबाला धरून हसली. मग कामाला लागली. धुक्यात ओले राहिलेले, गटाने बाजूला टाकलेले बोंबील निवडले, त्यात मूठभर आंबलेला जवळा, सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून स्टीलच्या डब्यात. "तीन दिस उन्हात ठेव. झाकन उगडू नको. उगडलास तं मी गाव सोडून जाईन."

आय म्हणाली, "लोका हसतील."

म्हटलं, हसू देत. या वेळी मी आधी हसणार आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

सगळं नीट लिहून ठेवते. एकही गोष्ट विसरायची नाही.

टोकन एकोणीस. डबा पायाशी, पिशवीत. वरून टॉवेल. बाकावरचे दोघं-तिघं इकडेतिकडे बघायला लागले. एक आजोबा आपल्याच चपलेचा तळ बघून आले.

नंबर आला. आत एसी, काचा बंद. डॉक्टर फोनवर. मला बघून भुवई वर केली. "परत तुम्ही? सांगितलं ना—"

मी बसले. पिशवीतून डबा काढला, टेबलावर ठेवला, प्लास्टिकची गाठ सोडली, झाकण उघडलं.

"डॉक्टर, माझ्या नाकाला यातलं काहीच येत नाही. तुमच्या नाकाला येतं का?"

पहिले दोन क्षण काहीच झालं नाही. मग त्यांचा चेहरा खालून वर बदलत गेला. आधी हनुवटी, मग गाल, मग डोळे. फोनमध्ये म्हणाले, "मी नंतर करतो." खुर्ची मागे भिंतीला आपटली.

"बंद करा ते!"

"करते. आधी सांगा, कसा आहे? आंबूस की कुजका? की नुसता ओलसर?"

"काय बोलताय तुम्ही?"

"माझं कामच हे आहे, डॉक्टर. वास घेऊन सांगायचं, माल खायचा की टाकायचा. अकरा बायकांची मेहनत माझ्या नाकावर आहे. तुमचं जसं हे काम, तसं माझं ते."

आतून कसं मोकळं वाटत होतं ते सांगता येत नाही, जत्रेतल्या पाळण्यात बसून वर गेल्यावर वाटतं तसं. चिठ्ठ्यांची ताई ओढणी तोंडाला लावून कोपऱ्यात थरथरत होती. मला वाटलं, रडतेय. हसत होती.

"माझ्या घरात गॅस सुटला होता," मी म्हटलं. "माझी मुलगी समोर बसली होती आणि माझ्या हातात लायटर होता. मला कळलं नाही. तुम्ही दोनदा मला बाहेर पाठवलंत आणि एकदाही नाकात बघितलं नाही. ती बॅटरी तिथेच पडलीय. एकदा बघा. मग मी झाकण लावते."

त्यांनी बॅटरी उचलली. एका हाताने स्वतःचं नाक दाबलेलं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि माझ्यासमोर वाकले. उजवी नाकपुडी. मग त्यांनी स्वतःचं नाक सोडलं, कारण दुसरा हात लागला. डावी नाकपुडी. परत उजवी. एसीचा आवाज आणि ताईचं दाबलेलं हसू.

"हे कधीपासून आहे?"

"गणपतीपासून. कागदावर लिहिलं होतं."

"पॉलिप आहेत. दोन्ही बाजूंनी. आत मांस वाढतं, द्राक्षासारखं. वाट पूर्ण बंद झालीय." ते खाली बसले. चिठ्ठीवर लिहायला लागले, तपासण्या, आणखी काय काय. मग वर न बघता म्हणाले, "पहिल्यांदाच नीट सांगायला हवं होतं तुम्ही."

मी झाकण लावलं. घट्ट. मला त्यांना जे बोलायचं होतं ते सगळं डब्यानेच बोलून झालं होतं.

बाहेर आले तर बाकं रिकामी, सगळे खिडक्यांपाशी. फक्त चपलेवाले आजोबा जागेवर होते. हळूच म्हणाले, "पोरी, सुके बोंबील विकायला हायत काय तुझ्याकडं?"

नाक्यापर्यंत चालत आले. हसत. एकटीच. लोक बघत होते, बघू देत. माझ्या नाकात द्राक्षं आहेत! म्हणजे मला काहीतरी झालेलं आहे, मी उगाच सांगत नव्हते. आजार निघाल्यावर एवढा आनंद झालेली बोईसरमधली मी पहिलीच असेन.

गुरुवार, १९ डिसेंबर

त्यांच्याकडे परत जायचं नाही, हे पक्कं होतं. दिपेश बोटीवरून आला होता, त्याला घेऊन पालघरला गेले. डॉक्टर हेमाली. छोटा दवाखाना, चार खुर्च्या, वय माझ्याएवढंच असेल. "तुम्ही बोला, मी ऐकतेय," म्हणाल्या आणि खरंच ऐकलं. पेन खाली ठेवून. दिपेशनेच अर्धं सांगितलं. डब्याचं मात्र मी सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

नाकात बारीक कॅमेरा घातला. समोर टीव्हीवर माझं नाक. आतून गुलाबी, ओलं, आणि मध्ये ते गोळे, सोललेल्या कोळंबीसारखे. दिपेश म्हणाला, "च्यायला, चांगल्या साइजची हाय."

आधी गोळ्यांचा कोर्स. त्याने वास येईल, पण टिकणार नाही. मग ऑपरेशन. "पुन्हा वाढू शकतात, तपासत राहावं लागेल," हेही आधीच सांगितलं. काही लपवलं नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

आला.

मोहरीचा. फोडणीतून. कढई तशीच सोडून अंगणात पळाले आणि आयला मिठी मारली. "मोहरी!" एवढंच ओरडत होते. तिला वाटलं, भाजलं मला.

बुधवार, २५ डिसेंबर

आज कामाला हात लावला नाही. दिवसभर वास घेत फिरले.

उन्नतीचं डोकं — खोबरेल, पेन्सिल आणि ऊन. तिला पंधरा मिनिटं सोडली नाही. "मम्मी, मी बोंबील हाय का?" म्हणाली. माझी उशी. माचीस. ओली वाळू. फणसाचं पान चुरगाळून. गोदूबाईची मशेरी. वारा पूर्वेकडून आला तर कारखान्यांचा तो आंबट, घशात बसणारा वास, ज्याला लहानपणापासून शिव्या घातल्या — आज वलांडीपाशी उभी राहून तोही घेतला.

संध्याकाळी दिपेश आला. म्हटलं, आधी आंघोळ.

"तू होतीस तीच बरी होतीस," म्हणाला. पण साबण दोनदा लावून आला.

शनिवार, २८ डिसेंबर

गटाचा माल तपासला. आधी कान, मग बोटं, मग नाक. बायका रांगेत उभ्या. एक पोतं मी नाकाने पास केलं, आयने बोटाने नापास. उघडून तळ बघितला — ओला. ती म्हणाली, "नाकावर लय इस्वास ठेवू नको."

सोमवार, ६ जानेवारी

गोळ्या संपून आठवडा झाला. आज चहाचा वास अर्धाच आला. कळतंय, दार परत ढकललं जातंय. घाबरले. मग डॉक्टर हेमालींना फोन केला आणि त्यांनी उचलला. ऑपरेशन वीस तारखेला.

वास जाण्याआधी जेवढा मिळेल तेवढा घेतेय. उन्नती आता माझ्यापासून लांब पळते.

गुरुवार, २३ जानेवारी

झालं. पालघरच्या हॉस्पिटलात दोन दिवस होते. नाकात बोळे होते, काल काढले. तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटलेत. आरशात बघितलं तर बुक्के मारल्यासारखा चेहरा. दिपेशने फोटो काढला आणि बोटीवरच्या सगळ्यांना दाखवला. बरी झाले की बघते त्याला.

गुरुवार, ३० जानेवारी

आला. या वेळी कापूर. आयने देवापाशी लावला आणि मी आतल्या खोलीतून ओरडले. बराच वेळ तसाच येत राहिला. गेला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोईसरच्या बाजारात ती चिठ्ठ्यांची ताई भेटली. मला बघून आधी पिशवीकडेच बघितलं. म्हटलं, घाबरू नका, भाजी आहे.

ती म्हणाली, "ताई, साहेब आता प्रत्येकाच्या नाकात बघतात. कान दुखतो म्हणून आलेल्याच्यासुद्धा." आणि कोणा बाईच्या हातात डबा दिसला की तिला नंबराआधी आत घेतात. परवा एक बाई नुसती पोहे घेऊन आली होती, तिचाही नंबर लागला. आम्ही दोघी टोमॅटोच्या गाडीला धरून हसलो. जाताना तिने माझा हात दाबला. "मी तेव्हा हसले होते, पहिल्या वेळी. मनात राहिलंय ते," म्हणाली. मी म्हटलं, मीपण हसले होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पालघर, तपासणी. आय म्हणाली, मी पन येतंय. पहिल्यांदाच. नवी साडी नेसून.

खिडकीत मी माझं नाव सांगायला गेले, तर तिने मला बाजूला केलं.

"नाव?"

"मंजुळा."

"त्रास काय होतोय, आजी?"

"वास येत नाय."

"कधीपासून?"

आयने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीतल्या मुलीला म्हणाली, "दिपेश पोटात व्हता तेवापासना."

दिपेश आता चौतीस वर्षांचा आहे.